आतून कडी

पांढऱ्या कोटातल्या मुलीने एक यंत्र माझ्या गळ्यासमोर मीटरभर अंतरावर धरलं, आकडा वाचून कागदावर लिहिला आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरी वेगळी खोली आहे ना? संडास-न्हाणी वेगळी?"

"आहे," मास्तर म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. पण ऑपरेशननंतर माझा आवाज इतका बसला होता की तो माझ्या ओठांपाशीच संपला.

माझा नवरा टेलर. अख्खं करमाळा त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. "परसात आहे एक खोली," ते त्या मुलीला सांगत होते. "संडास, न्हाणी, सगळं शेजारी. सध्या रिकामीच असते." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलायची त्यांची हिंमत झाली नसती.

ती मुलगी वयाने लहान, पण समजावून सांगायची छान. "बाई, तुमच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी ऑपरेशन करून काढली. तरी चार-दोन पेशी मागे राहतातच. त्या पेशींना आयोडीन लागतं, त्या ते ओढून घेतात. म्हणून आपण किरणं सोडणारं आयोडीनच तुम्हाला पाजलं. ते पिऊन त्या पेशी मरतील. बाकीचं औषध लघवीतून, घामातून, थुंकीतून निघून जाईल. ते जाईपर्यंत तुम्ही पेटलेल्या शेगडीसारख्या आहात. शेगडी वाईट नसते. पण लहान मुलाला आपण तिच्याजवळ बसू देतो का?"

"मुलगी पाच वर्षांची आहे," मी म्हणाले. हे तिला ऐकू गेलं.

"मग सात दिवस वेगळी खोली. ताट-वाटी वेगळी, कपडे वेगळे धुवायचे. पाणी भरपूर प्यायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं. मोठी माणसं दोन मीटरवर बसून बोलली तर चालेल. गरोदर बाई आणि लहान मूल मात्र जवळ नको. आठव्या दिवशी घरात या. मुलीला मांडीवर घ्यायला पंधरा दिवस थांबा."

"आणि शिवलं तर?" मास्तरांनी विचारलं. "म्हणजे चुकून हात लागला तर?"

ती हसली. "हात लागण्याचं काही नाही हो. किती जवळ आणि किती वेळ, एवढंच बघायचं. कॅन्सर काही कुणाला लागत नाही."

तिने हे सगळं कागदावर लिहून, सही-शिक्का मारून माझ्या समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि मागे सरकली. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सात दिवस. एसटीत कंडक्टर म्हणून मी रोज शेकड्याने तिकिटं काढते, पण इतक्या जपून कुठला कागद मी कधी पिशवीत ठेवला नव्हता.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला.

गाठ मला सापडली नव्हती, एका पॅसेंजरला सापडली. जेऊरच्या गाडीत पहिल्या सीटवर एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. मी तिकीट द्यायला वाकले, तर त्यांनी पैसे द्यायचे सोडून पाण्याची बाटली पुढे केली. "एक घोट पी बघू." भर गर्दीत एखादी म्हातारी असं सांगते तेव्हा वाद घालण्यापेक्षा पाणी पिणं सोपं असतं. मी प्यायले. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "गिळताना वर सरकली," म्हणाल्या. "उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव. अर्धं तिकीट दे."

मग सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. पण ही जात सावकाश चालणारी. वेळेत काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. तसा हा हट्टी कॅन्सर नाही."

"मी आहे," मी म्हणाले. मास्तर शेजारी रडत होते, त्यांना त्यातला विनोद कळला नाही.

ऑपरेशन झालं. आवाजाची नस ग्रंथीला चिकटूनच जाते, ती दुखावली होती. दोन-तीन महिन्यांत आवाज परत येईल असं डॉक्टर म्हणाले, आणि तोवर मी ड्युटीवरची शिट्टी गळ्यात अडकवून फिरायला लागले. गाडी मागे घेताना वाजवतो ती. एक शिट्टी म्हणजे पाणी द्या, दोन म्हणजे सईला, आमच्या लेकीला, पाठवा. नंतर आयोडीनचा डोस घ्यायचा म्हणून ग्रंथीच्या बदल्यात सुरू केलेली थायरॉईडची गोळी काही आठवडे बंद ठेवली. भर मार्चमध्ये मला थंडी वाजायची, तोंड सुजायचं, पाय ओढत चालावं लागायचं. त्यातले तीन आठवडे पथ्य होतं: आयोडीनचं मीठ नाही, दूध नाही, अंडी नाहीत, मासळी नाही, बेकरीचं नाही. माझा स्वयंपाक वेगळा व्हायचा, दुसऱ्या स्टोव्हवर. तो माझ्या सासूबाई करायच्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

त्या दुसऱ्या स्टोव्हबद्दल सांगायला हवं. तो माझ्यासाठी आणलेलाच नव्हता. तो माझ्यापासून वाचायला आणला होता.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात आत्याबाईंनी मला परसातली खोली दाखवली होती. दार एक, वीतभर खिडकी, खाली पोतं. दाराला कडी बाहेरून. आतल्या बाजूला साधा खिळासुद्धा नव्हता. "चार दिवस हितं बसायचं," त्या म्हणाल्या. "ताट मी ठेवीन."

मी खांद्याला पिशवी अडकवून तयार होते. "आत्याबाई, डेपोत अशी खोली नाही. आणि तिकीट देताना दिवसाला पाचशे माणसांचा हात लागतो. त्या सगळ्यांनी आंघोळ करायची का?" आणि मी ड्युटीवर गेले.

त्या ओरडल्या नाहीत. संध्याकाळी घरात दुसरा स्टोव्ह आला. महिन्यातले ते चार दिवस त्या आपला स्वयंपाक त्याच्यावर करायच्या. मी भरलेलं पाणी ओतून द्यायच्या, परत भरायच्या. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर चढायची. माझा पदर लागला तर मुकाट्याने आंघोळ करायच्या, थंडीतसुद्धा. नऊ वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, कारण ते कधी थांबलंच नव्हतं. पण मी त्या खोलीत गेले नाही. आणि माझं बघून आमच्या बोळातल्या दोन सुनांनी बाजूला बसणं सोडलं. एक तर आमच्या शेजारच्या शेटेकाकूंची, मेघा. काकूंनी ते मला कधीच माफ केलं नाही.

सई झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, या पोरीने त्या खोलीत आपल्या आईला कधी बघायचं नाही. आता मास्तर म्हणत होते, परसात आहे एक.

दवाखान्यातून परत येताना जीप ठरवली होती. एसटीची बाई मी, पण एसटीत बसायची चोरी, कारण शेजारी कोण दोन जिवांची येऊन बसेल सांगता येत नाही. मी सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, मास्तर पुढे. टेंभुर्णीला ड्रायव्हर चहाला गेला तेव्हा मास्तर खाली उतरून माझ्या खिडकीपासून चार पावलांवर उभे राहिले. हातातला टेप ते सारखा गुंडाळत आणि सोडत होते. टेलर माणसाला सवय असते, पण त्यांचं काहीतरी बिनसलं होतं हे मला कळलं.

"बोला," मी म्हणाले.

"परवा मी कपडे आणायला घरी गेलो होतो ना, तेव्हा आई त्या खोलीला चुना लावत होती. शेटेकाकूंनी भिंतीवरून विचारलं, कुणासाठी एवढं?"

"मग?"

"मी म्हटलं, उज्ज्वलाला कावळा शिवलाय. आता ती बाजूला बसणार आहे."

मी त्यांच्या हातातल्या टेपकडे बघितलं.

"अगं, मग काय सांगणार होतो? कॅन्सर म्हटलं तर आपल्याकडे ब्लाऊज कोण टाकेल? सईशी कोण खेळेल? ऑपरेशनलाही साधी गाठ म्हणूनच सांगितलं होतं आपण."

"आपण नाही. तुम्ही."

"बरं, मी. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आत्याबाई काय म्हणाल्या?"

"आई ऐकत होती. काही म्हणाली नाही. चुना लावत राहिली."

हे मात्र मला जिव्हारी लागलं. मास्तर भित्रे आहेत हे मी लग्नाआधीपासून जाणून होते. पण त्या बाईने गप्प राहून नऊ वर्षांची लढाई जिंकली होती. गळ्यातून ग्रंथी काढली, आवाज गेला, त्याचं मला इतकं वाटलं नव्हतं. टेंभुर्णीपासून करमाळ्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत रडले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि कॅसेट लावली.

आम्ही मागच्या बोळातून परसात आलो. दुपारचे दोन वाजले असतील. आत्याबाई न्हाणीच्या पायरीवर बसल्या होत्या. खोली पांढरी झाली होती. आत लोखंडी खाट, गादी, नवा बल्ब, पाण्याचा माठ, नवं ताट. दारापासून थोड्या अंतरावर जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली होती. खिळ्याला माझी खाकी पिशवी अडकवलेली. मी रेघेच्या आत, पण दाराच्या बाहेर उभी राहिले.

"आत जा," आत्याबाई म्हणाल्या. "ऊन लागंल."

"मी या खोलीत बसणार नाही."

"मग झोप. खाट हाय."

"मी बाहेर झाडाखाली राहीन. डेपोत राहीन. पण इथे नाही."

त्या पायरीवरून उठल्या. तेवढ्यात घराच्या मागच्या दारातून सई सुटली. "आई आली" म्हणत हात पसरून, परकराचा घोळ सांभाळत, सरळ माझ्याकडे. चार दिवस तिने मला बघितलं नव्हतं. मास्तर तिला धरायला धावले, त्यांच्या हातून ती निसटली.

मी वळले, खोलीत शिरले आणि दार लोटलं. हाताला कडी लागली, ती सरकवली. पाठ दाराला लावून उभी राहिले. बाहेर सई दारावर दोन्ही हातांनी मारत होती. "आई, दार उघड. आई, मी आहे." मग आत्याबाईंचा आवाज आला, तिला उचलून नेल्याचा. नऊ वर्षं जिथे पाय ठेवला नाही तिथे मी अशी गेले, कुणी न ढकलता.

पहिले दोन दिवस मी आत्याबाईंशी बोलले नाही. त्या ताट आणायच्या, रेघेवर ठेवायच्या, मागे सरकायच्या, मग म्हणायच्या, "घे." मी उचललं की त्या रेघेपलीकडे पोतं टाकून बसायच्या. माझं जेवण होईपर्यंत उठायच्या नाहीत. ताट देण्याघेण्याचं हे काम त्या इतक्या सराईतपणे करायच्या की दवाखान्यातल्या पोरीही तितक्या सफाईने करत नव्हत्या. ते बघून माझा राग वाढायचा. पस्तीस वर्षांची सवय, दुसरं काय, असं मनात म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आयोडिनच्या मिठानं गाठ येत न्हाई म्हणत्यात. मग तुला मीठ बंद का केलं हुतं?"

मी बसक्या आवाजात सांगितलं, उरलेल्या पेशींना उपाशी ठेवायला. उपाशी राहिल्या म्हणजे औषध अधाशासारखं पितात.

"म्हंजी भूक लावून घास दिला."

"हो."

"आन् घासातच इलाज." त्यांनी रेघेकडे बघितलं. "आन् हे दोन मीटर कशानं ठरवलं?"

"मोजून. त्यांच्याकडे यंत्र आहे. लांब गेलं की किरणं विरळ होतात. म्हणून त्यांनी आकडा लिहून दिलाय."

"कागद दाव."

मी कागद दारातूनच उलगडून धरला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्या रेघेपलीकडून मान वाकडी करून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "सात कुठं लिवलंय?" मी बोटाने दाखवलं. त्यांनी मान डोलवली आणि ताट घेऊन गेल्या. मला वाटलं, दिवस मोजून घेताहेत, सून किती दिवस ताब्यात आहे ते.

चौथ्या दिवशी सकाळी आत्याबाई सईला बालवाडीतून आणायला गेल्या होत्या. मास्तर दुकानात. मी खाटेवर पडले होते. परसाचं फाटक वाजलं आणि शेटेकाकूंचा आवाज आला.

"ये ये, लाजू नको. बघ तर खरी. नऊ वर्षं मिरवली, शेवटी आली ना सासूच्या वळणावर. आता तुझं काय म्हणणं आहे?"

"आई, चला ना," मेघाचा आवाज. "त्या झोपल्या असतील."

"झोपू दे की. आपण काय शिवतोय थोडंच. बस इथं दारापाशी, सावली आहे. उन्हात उभी राहू नको अशा दिवसांत."

"रेघ मारलीय इथं."

"रेघेला काय करायचंय? शिवलं नाही म्हणजे झालं."

अशा दिवसांत. मी ताडकन उठून बसले. मेघाला चौथा महिना होता, हे मला ड्युटीवरच्या बायकांनी सांगितलं होतं, मीच विसरले होते. आणि ती पोर आता माझ्या दाराच्या पायरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, सावलीला बसायला निघाली होती. कारण या बायकांना शिवण्याची भीती होती, जवळ असण्याची नाही. मास्तरांनी त्यांना तीच भीती सांगितली होती.

"मेघा, मागे हो," मी ओरडले. ओरडले म्हणजे नुसती हवा निघाली.

मी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. गाडी मागे घेताना, मागे माणूस दिसला की वाजवतो तशी, लांब आणि न थांबता. बाहेर भांडं पडल्यासारखा आवाज झाला. कडी काढून मी दार उघडलं आणि हाताने खूण केली. दोघी रेघेच्या आत होत्या, मेघा पायरीवर टेकलेली.

"मागे सरका," मी म्हणाले. "रेघेच्या पलीकडे. अजून. मेघा, तू फाटकापाशी जा. घाबरू नकोस, एवढ्याशाने काही होत नाही. पण इथे बसू नकोस."

आयुष्यभर माणसांना पुढे सरका, पुढे जागा आहे म्हणत आले. मागे सरका म्हणायची ही पहिलीच वेळ होती. मेघा गेली. शेटेकाकू रेघेवर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"काय गं, शिट्ट्या कसल्या मारतेस? आम्ही चोर आहोत का?"

"काकू, मला कावळा शिवलेला नाही. मला कॅन्सर झालाय."

त्यांचे हात कमरेवरून खाली आले.

"थायरॉईडचा. गळ्यातला. ही बघा खूण." मी पदर बाजूला केला. तांबडी रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "ऑपरेशन करून काढलाय. राहिलेला जाळायला औषध दिलंय, ते औषध अंगात आहे तोवर लहान मूल आणि गरोदर बाई जवळ नको, म्हणून मी इथे आहे. सात दिवस. मास्तर तुमच्याशी खोटं बोलले, कारण त्यांना वाटलं तुम्ही ब्लाऊज टाकणार नाही. नका टाकू. पण मी बाजूला बसलेय असं बोळात कुणाला सांगू नका. मी बसलेली नाही."

एवढं बोलून मला खोकला आला. घसा आतून सोलून निघाल्यासारखा झाला होता. मी चौकट धरून उभी राहिले. तेवढ्यात फाटकातून आत्याबाई आत आल्या, सईचा हात धरून. मेघाकडे एकदा बघितलं, माझ्या उघड्या दाराकडे बघितलं, आणि सईला पदराखाली घेऊन जागच्या जागी थांबल्या.

शेटेकाकूंना आता कुणीतरी बोलायला मिळालं. "काय हो हे? कॅन्सर झालाय म्हणे. म्हणजे हा तर मोठाच विटाळ झाला. आणि आम्हाला सांगायचं नाही? माझी सून दोन जिवांची आहे."

सईने पदरातून डोकं बाहेर काढलं. "आजी, आईला विटाळ झालाय?"

मी आत्याबाईंकडे बघत होते. सगळं आता त्या काय म्हणतात यावर येऊन थांबलं होतं. माझ्या नऊ वर्षांचं काय होणार ते, आणि ही पोर मोठी झाल्यावर कुठे बसणार तेही. आणि मला खात्री होती की त्या 'होय' म्हणणार, किंवा नेहमीसारख्या काहीच म्हणणार नाहीत. माझ्यासाठी दोन्ही सारखंच होतं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

मग त्या शेटेकाकूंकडे वळल्या. "विटाळ न्हाई. विटाळात मी बसले, पस्तीस वर्सं, ह्याच खोलीत. मला कुणी सांगितलं न्हाई कशापायी. किती लांब, कुणापास्नं, काय झालं तर काय हुतंय, कुणी एक अक्षर बोललं न्हाई. मी इचारलं तर सासूनं थोबाडीत दिली. हिच्यापाशी कागद हाय. कशापायी ते लिवलंय, किती लांब ते लिवलंय, सात दिवस लिवलंय. डाक्टरची सही हाय. हे औषिद हाय. त्याला विटाळ म्हणायचं न्हाई."

"पण बसायला हीच खोली दिलीत ना?" काकू म्हणाल्या.

"हीच दिली. दुसरी न्हाई माझ्याकडं. पर नीट बघ." त्यांनी हात लांब करून माझ्या दाराकडे बोट दाखवलं. "माझी सासू रातच्याला भायेरनं कडी घालायची. पोरगं आत रडलं म्हणून मी उठून जाईन, घर बाटवीन म्हणून. हा अरविंद दोन महिन्याचा हुता, दूध प्यायचा. मी आतनं दार बडवायची." त्यांनी सईच्या डोक्यावर हात ठेवला. "ही यायच्या आदी सुतार आणला. भायेरची कडी काढली, आतनं लावली. हिला कुणी कोंडलेलं न्हाई. ती आतनं कडी लावती, तिच्या पोरीसाठी. आन् आठव्या दिशी तीच काढंल."

अरविंद म्हणजे मास्तर.

माझा हात अजून चौकटीवरच होता. मी दाराकडे बघितलं. बाहेरच्या बाजूला, जिथे लोखंडी कडी असायची तिथे चार भोकं होती, चुन्याने बुजवलेली. आतल्या बाजूला नवी पितळी कडी, चार नवे स्क्रू. चार दिवस मी ती लावत आणि काढत होते. सई धावत आली त्या दुपारीही मी तीच सरकवली होती. हाताला लागली, सरकवली, आणि एकदाही मनात आलं नाही की ही इथे नव्हती.

शेटेकाकू काहीतरी पुटपुटत फाटकाकडे गेल्या. मेघा मात्र हलली नाही. तिने लांबूनच विचारलं, "उज्ज्वलाताई, दुखतं का हो?"

"आता नाही," मी म्हणाले. "बोलल्यावर दुखतं."

"मग बोलू नका," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, मास्तर भिंतीपाशी खोटं बोलले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात. त्या रेघेपलीकडे तांदूळ निवडत होत्या. "सांगणारी तू हायेस," म्हणाल्या. "तुझ्या गळ्यातलं मी कशाला सांगू?" आणि खडा काढून फेकला.

मास्तरांकडे त्या महिन्यात ब्लाऊज कमी आले, ही गोष्ट खरी. मग लग्नसराई सुरू झाली आणि सगळ्या बायका परत आल्या, शेटेकाकूसुद्धा. करमाळ्यात मास्तरांसारखी बाही कुणाला जमत नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, खोलीतल्या चादरी वेगळ्या बादलीत भिजवल्या, कागद पिशवीत ठेवला आणि कडी काढली. सई मागच्या दारात उभी होती, मास्तरांनी तिला घट्ट धरलं होतं. मांडीवर घ्यायला अजून आठवडा होता. मी दोन शिट्ट्या वाजवल्या. घरात दोन म्हणजे सईला बोलावणं; पण एसटीत डबल म्हणजे गाडी सोडा, हेही तिला जन्मापासून माहीत होतं. ती जागच्या जागी उड्या मारायला लागली.

मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई भाकऱ्या थापत होत्या. अकरा दिवसांनी त्यांच्या इतक्या जवळ उभी होते, आणि त्या दिवशी सकाळी एक गोष्ट झाली होती, ती मी लपवणार नव्हते. गोळी बंद केल्यापासून अंगातलं सगळं वेळापत्रक बिघडलं होतं. ते नेमकं आज रुळावर आलं होतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आज मला खरंच कावळा शिवलाय."

त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी फुगली, तिला वाफेचं भोक पडलं. त्यांनी खिडकीतून परसाकडे बघितलं. पांढऱ्या खोलीचं दार सताड उघडं होतं. कोपऱ्यात दुसरा स्टोव्ह होता, पुसून ठेवलेला. त्याच्याकडेही त्यांनी बघितलं. मी पाय रोवून उभी होते. आवाज नव्हता, पण शिट्टी गळ्यात होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "वरच्या फळीवरनं लोणच्याची बरणी काढ. माझा हात पोचत न्हाई."

मी स्टुलावर चढले आणि बरणी उतरवली. फडकं सोडलं, चमचा घातला आणि त्यांच्या ताटात एक फोड वाढली. त्यांनी अजून एक मागितली.